बाबांच्या पीसीवर रोज सकाळी एकही साईट उघडत नाही, दुकानदार म्हणतो बोर्ड गेला. खरंच नवीन घ्यायचा का?

परतीचा_पाऊस

नमस्कार मंडळी, घरचे सगळे उपाय करून झाले म्हणून आता इथे विचारतोय. आईबाबा चिपळूणला, मी पुण्यात. घरी जुना डेस्कटॉप आहे, जी३१ चा मदरबोर्ड (यालाच पुढे बोर्ड म्हणतोय), कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम. मागे त्यात एसएसडी टाकून विंडोज १० करून दिलं होतं, तेव्हापासून बाबांच्या कामापुरता अगदी छान चालत होता. बाबांचं काम म्हणजे पेन्शन जमा झाली का ते बघणं, लाईट बिल भरणं, आणि गावच्या देवळाचा जमाखर्च ते एक्सेलमध्ये लिहितात तो.

आता दिवाळीच्या आधीपासून नवीनच चालू झालंय. सकाळी पीसी चालू केला की काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोनतीन ओळी येतात आणि एफ१ दाबा म्हणतो. बाबा दाबतात, विंडोज येतं, पण क्रोम उघडला की कुठलीच साईट नाही, सगळीकडे लाल त्रिकोण आणि तुमचं कनेक्शन खाजगी नाही. बँक नाही, जीमेल नाही, यूट्यूब पण नाही. नेट बंद आहे म्हणावं तर त्याच राउटरवर आईचा मोबाईल व्यवस्थित चालतो.

मी रात्री ऑफिसातून आलो की व्हिडिओ कॉल लावतो, आई मोबाईल स्क्रीनसमोर धरते, तो हलत असतो, मला एक अक्षर धड वाचता येत नाही, तेवढ्यात बाबा म्हणतात ते काय आलं होतं ते मी बंद केलं, आता काय बंद केलं ते त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही कळत नाही, मग माझा आवाज चढतो, त्यांचा चढतो, आणि आईचं आपलं मधल्यामधे जेवून घ्या रे आधी. फार वाईट वाटतं नंतर. सत्तरीच्या माणसाने एवढं शिकून घेतलंय आणि मशीन साथ देत नाही.

केलेले उपाय: राउटर बंद-चालू, क्रोम काढून परत टाकला, कॅशे साफ, अँटीव्हायरस काढला (तो पण लायसन्समध्ये काहीतरी गडबड आहे म्हणत होता). गावातल्या दुकानात नेला तर त्यांनी ठेवून घेतला, फॉरमॅट मारला, त्यांच्याकडे मस्त चालत होता, बाबांच्या समोर यूट्यूब लावून दाखवलं, पैसे घेतले. घरी आणला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. देवळाच्या हिशोबाची फाईल डी ड्राइव्हला होती म्हणून वाचली. आता म्हणतात बोर्डच गेलाय, याचे बोर्ड येत नाहीत, नवीन सेट घ्या ३२ हजाराला. बाबा हो म्हणायच्या बेतात आहेत, कारण नोव्हेंबर चालू आहे, हयातीचा दाखला द्यायचाय आणि त्यांना तो घरूनच द्यायचाय.

आणि हो, कोपऱ्यातली तारीख पण चुकलेली असते बऱ्याचदा, २००९ वगैरे दाखवतो, ती मी हाताने बदलायला लावतो. त्याचा काही संबंध असेल तर सांगा.

सोल्डरची_वाफ

दादा, त्या दुकानदाराला एक रुपया ॲडव्हान्स देऊ नका. तुम्ही 'आणि हो' करून सगळ्यात शेवटी जे लिहिलंय तेच मूळ दुखणं आहे, बाकी सगळं त्याच्यामागून आलंय.

हल्ली जवळजवळ प्रत्येक साईट एचटीटीपीएसवर (म्हणजे सुरक्षित कनेक्शनवर) असते आणि तिच्याकडे एक सर्टिफिकेट असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ती मुदत घातलेली असते. सप्टेंबर २०२० नंतर काढलेलं सर्टिफिकेट ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं असेल तर मोठे ब्राउजर ते मानतच नाहीत, कित्येक साईटचं तर ९० दिवसांचंच असतं. म्हणजे आज तुमच्या बँकेचं जे सर्टिफिकेट आहे ते अलीकडच्या वर्षभरातलंच असणार. तुमचा पीसी म्हणतो आज १ जानेवारी २००९. त्याच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही, म्हणून तो साईट उघडू देत नाही, आणि सगळ्याच साईटचं तसं असल्याने एकही उघडत नाही. क्रोम कधीकधी सरळ युअर क्लॉक इज बिहाइंड असं लिहितो, पण नेहमी नाही. लाल त्रिकोणाच्या खाली बारीक अक्षरं असतात त्यात सर्ट डेट इनव्हॅलिड असं काहीतरी दिसतं का ते बघायला सांगा. अँटीव्हायरसची लायसन्सची कटकट पण तारखेचीच.

आता तारीख मागे का जाते. बोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर२०३२, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि जुन्या बोर्डांवर बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रामची) सेटिंग धरून ठेवणं हे त्याचं काम. भिंतीवरचं बटन चालू असेल तर एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायच्या डब्यातून) ५ व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय बोर्डला मिळत राहतो आणि सेलला जवळपास काही करावंच लागत नाही. बटन बंद केलं किंवा पिन काढली की सगळा भार सेलवर. सेल संपलेला असला की घड्याळ बायोसमध्ये ठरलेल्या तारखेला जाऊन बसतं, बहुतेक करून बोर्ड ज्या सुमारास बनला ते वर्ष. तुमचा २००९ चा असेल.

तुम्ही लिहिलं नाहीत पण मी विचारतो, बाबा रात्री भिंतीवरचं बटन बंद करून पिन काढून ठेवतात का? कोकणात परतीच्या पावसात विजा पडतात म्हणून बहुतेक घरी काढतातच, आणि ते बरोबरच आहे. दुकानात मात्र पीसी दिवसभर लावलेला असतो, एकदा तारीख बरोबर केली की ती तिथे टिकते, म्हणून तिथे कधीच प्रॉब्लेम दिसत नाही आणि घरी आला की सकाळी हमखास दिसतो. फॉरमॅट मारून याला काहीही फरक पडणार नव्हता. गिऱ्हाईकाचं ऐकून न घेता आधी फॉरमॅट मारायची ही जी पद्धत पडलीय तिचा मला खरोखर राग येतो, लोकांचे फोटो, हिशोब, पोरांचे प्रोजेक्ट गेलेत त्यात.

विंडोज नेटवरून वेळ घेतं ना, मग आपोआप का सुधारत नाही असं तुम्ही म्हणाल. घरगुती पीसीच्या विंडोजमध्ये मर्यादा घातलेली आहे, फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर ते नेटवरची वेळ घेतच नाही. त्यामुळे आधी हाताने आजची तारीख आणि अंदाजे वेळ लावायची, मग डेट अँड टाइममध्ये जाऊन सिंक नाऊ दाबायचं. टाइम सर्व्हरच्या जागी टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी घातलंत तरी चालतं, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा आहे, भारतीय प्रमाणवेळ तेच सांभाळतात.

सेल बदलायला अर्धा तास पुरे. घड्याळाच्या दुकानात, इलेक्ट्रिकच्या दुकानात कुठेही मिळतो, पन्नास रुपयांच्या आतबाहेर. पीसी शटडाउन करायचा, मागची पॉवर केबल काढायची (नुसतं बटन बंद नको, केबल काढाच), पॉवरचं बटन पाचदहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. उजेडात टेबलावर आडवा ठेवायचा, बाजूचं पत्र्याचं झाकण उघडायचं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावायचा आणि मग आत हात घालायचा. सेलच्या खाचेला एका बाजूला पत्र्याची छोटी पट्टी असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल टपकन वर येतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, तो निसटून बोर्डवर ओरखडा गेला तर मात्र खरंच बोर्ड जाईल. नवीन सेल अक्षरांची, अधिकची बाजू वर ठेवून बसवायचा, कोरड्या फडक्याने धरून. झालं की चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जायचं, तारीख-वेळ लावायची, एफ१० ने सेव्ह.

जुना सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून लांब ठेवा. घरात लहान मूल येत असेल तर हे फार महत्त्वाचं, असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

पेढीवरची_गादी

वरच्यांनी अगदी बरोबर निदान केलंय, मी फक्त याचा दुसरा त्रास सांगते कारण आमच्या दुकानात हे झालेलं आहे. आमचं किराणा-भुसारचं होलसेल, काउंटरवर एक जुना पीसी बिलिंगला. त्यावर नेट लागतच नाही, त्यामुळे साईट उघडत नाही वगैरे काही कळायला मार्गच नव्हता, बिलं निघत होती, गिऱ्हाईकं जात होती. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत. सकाळी पोरगा चालू करायचा, एफ१ विचारलं की दाबायचा, आणि बिलावर तारीख दुसऱ्याच वर्षाची. ते लक्षात कधी आलं, तर महिन्याच्या शेवटी सीएकडे जीएसटीचा डेटा गेला तेव्हा. काही बिलं त्या महिन्यात सापडेनात, सॉफ्टवेअरने ती जुन्या आर्थिक वर्षात नेऊन टाकलेली, नंबरची ओळ तुटलेली. ते सगळं कागदाची दुसरी प्रत हातात घेऊन एकेक करून जुळवायला लागलं, ऐन लग्नसराईत.

तुमच्या बाबांचा देवळाचा हिशोब आहे म्हणून सांगते. एक्सेलमध्ये त्यांनी आजची तारीख आपोआप येईल असा फॉर्म्युला टाकला असेल किंवा कंट्रोल दाबून तारीख टाकायची सवय असेल तर मधल्या काळातल्या नोंदी एकदा नजरेखालून घाला. टुडेचा फॉर्म्युला असेल तर तो तारीख सुधारल्यावर आपोआप बरोबर होईल, पण मग पावतीची मूळ तारीखही बदलेल, तेही हिशोबाला चालत नाही. फाईल शेवटची कधी सेव्ह झाली त्या वेळेवर पण भरवसा ठेवू नका. नवीन फाईल २००९ ची आणि जुनी २०२४ ची दिसत असेल, आणि कोणी ताजी ठेवून जुनी उडवू म्हणून चुकीचीच उडवायचा.

गावठी_टेक्निशियन

दुरुस्तीचं काम करतो, तालुक्याच्या गावात. सगळेच दुकानदार एका माळेचे मणी नसतात एवढं आधी लिहितो. सेल आहे हे नव्वद टक्के पटतंय पण चाचणी केल्याशिवाय झाकण उघडू नका. आज रात्री बाबांना पीसी शटडाउन करायला सांगा पण भिंतीवरचं बटन चालूच ठेवायला सांगा (आकाश निरभ्र असेल तरच). सकाळी तारीख बरोबर राहिली आणि परवा बटन बंद ठेवल्यावर गेली, तर सेल. दोन्ही वेळा गेली तर दुसरं काहीतरी.

मल्टिमीटर असेल तर सेल मोजा. नवीन ३ ते ३.३ दाखवतो, २.७-२.८ च्या खाली आला की बदलायचा. दुकानातून घेताना पण मोजून घ्या, पाकिटावर धूळ बसलेले जुने सेल खपवतात.

नवीन सेल जर महिन्या-दोन महिन्यांत परत संपला तर बोर्डवर लीकेज आहे असं समजायचं. आपल्याकडे पावसाळाभर दमट हवा, आत धुळीचा थर, तो ओला झाला की सेलमधून थोडाथोडा करंट झिरपत राहतो. मुंग्यांनी घर केलेलं मी बघितलंय, एसएमपीएसमध्ये मेलेली पाल बघितलीय. ब्लोअर मारून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने सेलच्या आजूबाजूचा भाग साफ केला आणि चांगला वाळवला की बऱ्याचदा थांबतं. आणि सेलच्या जवळ तीन पिनांचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) असतो, क्लिअर सीमॉसचा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसण्याचा. कोणीतरी मागे काम करताना तो रीसेटच्या बाजूला तसाच सोडलेला असतो, मग कितीही सेल बदला, सेटिंग टिकत नाही. दुकानात नेऊन आलेला पीसी आहे म्हणून मुद्दाम सांगतो, तो बघा.

अजून एक, हे तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्यांसाठी. तारीख बरोबर आणि वेळ बरोब्बर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलला हात लावू नका, तो विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच पीसीवर टाकल्याचा परिणाम आहे. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ धरतं, आणि आपला फरक ५ तास ३० मिनिटांचा. फॉरमॅटनंतर वेळ साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे असेल तर टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिलाय, तो कोलकाता, चेन्नई, मुंबई, नवी दिल्लीवाला करा.

तारीख-वेळ सगळं ठीक आणि तरी काही साईट उघडत नाहीत, काही उघडतात, असं असेल तर तो जुन्या सिस्टिमचा प्रश्न. ३० सप्टेंबर २०२१ ला एका जुन्या रूट सर्टिफिकेटची (ज्याच्या भरवशावर बाकी साईटची सर्टिफिकेटं मानली जातात त्याची) मुदत संपली, तेव्हा अपडेट न केलेली विंडोज ७ ची मशीनं आणि जुने मोबाईल असेच अडकले होते, फायरफॉक्स ब्राउजर स्वतःची सर्टिफिकेटं घेऊन येतो म्हणून त्यात चालायचं. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हेही लक्षात असू द्या, वर्षभराचे वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात त्याला नोंदणी करून ठेवा. या बोर्डवर विंडोज ११ अधिकृतपणे बसणार नाही.

खजुराखाली

मी शारजाहून लिहितेय, आईवडील मिरजेला, त्यामुळे व्हिडिओ कॉलचं जे लिहिलंय ते अगदी जवळून माहीत आहे. व्हिडिओवर स्क्रीन वाचायचा प्रयत्न सोडून द्या. आईंना सांगा, काहीही आलं की आधी मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि पाठवायचा, बंद करायचं नाही, ओके पण दाबायचं नाही. फोटोत कोपऱ्यातलं घड्याळ आलंच पाहिजे. मी आमच्याकडे मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवलाय, आधी फोटो मग फोन. आमच्या आधीच्या निम्म्या वादावादीला तेवढ्याने आळा बसला, आणि पप्पा आता स्वतःहून फोटो पाठवून खाली लिहितात काय करत होतो ते.

पण मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची वाटतेय. साईट उघडत नाही म्हणून बाबा मोबाईलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधायला जातील. शोधल्यावर वर जे नंबर येतात त्यात खोटे असतात, पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलतो, काका तुमचं सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय म्हणतो, स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतो आणि ओटीपी त्याच्या डोळ्यासमोर येतो. पेन्शनचं खातं आहे, नोव्हेंबर आहे, हयातीच्या दाखल्याच्या नावाने पण असेच फोन येतात. बाबांना आजच सांगून ठेवा, नंबर फक्त पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा, आणि कोणाच्याही सांगण्यावरून काही ॲप टाकायचं नाही, तुमच्याशी बोलल्याशिवाय. काही विपरीत झालंच तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) ताबडतोब फोन, त्याच तासात.

त्या लाल त्रिकोणाच्या पानावर ॲडव्हान्स्ड म्हणून बटन असतं, त्यातून तरीही पुढे जा म्हणता येतं. ते दाबायची सवय लावू नका त्यांना. आज तारखेमुळे आलंय, उद्या खरोखर खोटी साईट असेल तेव्हा पण तसंच दाबतील.

दाखल्याचं म्हणाल तर पीसीसाठी अडून राहू नका, अँड्रॉइड मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण (डिजिटल हयातीचा दाखला) होतं, आईंच्या फोनवर करून टाका.

परतीचा_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. हो, बाबा रोज रात्री बटन बंद करून पिन काढतात, राउटरची पण. चाचणी केली, बटन चालू ठेवलं त्या सकाळी तारीख बरोबर, सगळ्या साईट उघडल्या. बंद ठेवलं की परत २००९.

मग बाबांनी स्वतः बाजारपेठेतल्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, त्याने मोजूनच दिला, जुना २.१ दाखवत होता. शेजारच्या डिप्लोमाच्या मुलाला बोलावून दोघांनी बसवला, आईने आधी फोटो काढून ठेवले प्रत्येक पायरीचे. जंपर बरोबर जागी होता. आता रात्री पिन काढली तरी तारीख टिकतेय, नवीन सेटचं त्यांना नाही म्हणून सांगितलं, दाखला मोबाईलवर झाला. एक्सेलमध्ये तीन पावत्यांची तारीख चुकलेली सापडली.

फक्त एक राहिलंय, सकाळी एफ१ अजून विचारतोच. बाबांनी फोटो पाठवलाय, फ्लॉपी डिस्क फेल आणि पुढे कंसात ४० असं आहे. पीसीला फ्लॉपी नाहीच. हे काय आता?

सोल्डरची_वाफ

वा, बाबांना नमस्कार सांगा.

ते घाबरण्यासारखं नाही. सेल संपला तेव्हा बायोस मूळ सेटिंगला गेला आणि त्या काळच्या बोर्डांच्या मूळ सेटिंगमध्ये ड्राइव्ह ए म्हणजे १.४४ एमबीची फ्लॉपी आहे असंच धरलेलं असतं. तो रोज शोधतो, मिळत नाही, म्हणून एफ१. चालू करताना डिलीट दाबून आत जा, पहिल्याच स्टँडर्ड सीमॉस फीचर्समध्ये ड्राइव्ह ए समोर १.४४ असेल तिथे नन करा. तिथेच खाली हॉल्ट ऑन असतं, ते ऑल एरर्स राहू दे, बदलू नका, नाहीतर उद्या खरी काही अडचण आली तर कळणार नाही. एफ१०, मग वाय, एंटर. एवढं झालं की बूट ऑर्डरमध्ये एसएसडी पहिली आहे का ते पण बघून घ्या, तीही मूळ सेटिंगला गेली असेल.